मदत हवी आहे: तालुक्याच्या कॉलेजात गणिताला शिक्षक नाही, भाचीने अकरावीला काय करावं?

नमस्कार मंडळी. भाची जालना जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची, सेमीसुद्धा नाही. दहावीला ८९ टक्के, गणितात त्याहून बरे. इंजिनिअरिंगला जायचं म्हणते.

ताई तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात चौकशीला गेली, तर तिथले सर म्हणाले, "गणिताला पोरंच नसतात. शिक्षक तासिकेवर येतात, तेही येतील तेव्हा खरे. बायोलॉजी घ्या." म्हणजे सोळाव्या वर्षीच इंजिनिअरिंगचं दार लावून घ्या! शहरातली मुलं तरी कॉलेजात नावापुरती असतात, शिकतात क्लासमध्ये. इथे क्लासही नाही. संभाजीनगरच्या इंटिग्रेटेड कॉलेजची (कॉलेज आणि क्लास एकत्र) फी आणि होस्टेलचा आकडा ऐकून भाऊजी उठून शेतात निघून गेले.

सीईटीचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, मला आत्ता कळलं. पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतून देता येतो, गणिताचा मात्र फक्त इंग्रजीतून. देशपातळीवरची जेईई मेन अख्खी मराठीतून देता येते आणि आपल्याच राज्याच्या परीक्षेत ही तऱ्हा. परवा फोनवर तिला म्हटलं, टॅन्जंट म्हणजे तुमची स्पर्शिका. तर म्हणते, "मामा, मग हे येतं की मला!" अडतंय ते शब्दांशी.

विचारायचं ते असं. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन गणित घरी करणं झेपतं का? कोणी केलंय? सीईटीत अकरावीचा भाग २० टक्केच असतो, पण पाया तिथलाच ना.

महाज्योती या ओबीसी वगैरे मुलांसाठीच्या सरकारी संस्थेचं जेईई-सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो म्हणतात. ताईकडे ओबीसी आणि नॉन-क्रिमिलेअरचे दाखले आहेत. तिथे मराठी माध्यमाच्या मुलांना समजेल असं शिकवतात का? जाहिरात नको, ज्यांच्या घरात टॅब आलाय त्यांनी सांगा.

आणि पसंतीक्रम. अकरावी आता राज्यभर ऑनलाइन आहे आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. तालुक्याचं कॉलेज एक नंबरला टाकायला हात धजत नाही. जालना शहरातलं टाकलं तर मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळेल का? वसतिगृहाची यादी लागेपर्यंत राहायचं कुठे?

ताजा कलम: पॉलिटेक्निक सुचवणाऱ्यांचे आभार. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ते मी तिला सांगितलं. त्यावर तिचं उत्तर, "इंजिनिअरिंग नाहीच जमलं तर गणितात बीएस्सी करीन, पण अकरावीला गणित घेणारच." तेव्हा वसतिगृहाचं कोणाला माहीत असेल तर आधी तेवढं सांगा, फॉर्म या आठवड्यातच भरायचाय.