मदत हवी आहे : फुजिताच्या फुलांसारख्या दुधाळ पांढऱ्या थरावर शाईची रेघ टिकत नाही

केतकी_रेघ :
त्सुगुहारू फुजिता या जपानी चित्रकाराने पॅरिसमध्ये राहून जी स्थिरचित्रे केली, त्यांच्या पद्धतीने मी फुलदाणीतल्या फुलांचे एक चित्र करायला घेतले आहे. पांढरा थर देऊन झाला आहे आणि रेखाटनही पक्के आहे, मात्र काळी शाई लावली की रेघ सलग न उमटता तिचे मणी होतात आणि पाकळीची कड जिथे केसासारखी बारीक हवी, नेमका तिथेच ठिपका साचतो. चित्र याच आठवड्यात द्यायचे असल्यामुळे कृपया थेट उपाय सांगावा. ‘सराव करा’ हा सल्ला नको.

जुना_कुंचला :
पांढरा थर कशाचा, तैलरंगाचा की अ‍ॅक्रिलिकचा? शाई कोणती, कुंचला कोणता, आणि थर देऊन किती काळ झाला? एवढे समजल्याशिवाय कुणीही थेट उपाय सांगू शकणार नाही.

सरळसोट :
एवढ्या चौकशीची गरजच नाही. बाजारात बारीक टोकाचे अ‍ॅक्रिलिक मार्कर मिळतात, त्यांनी रेघ ओढावी. मी भिंतींवर, काचेवर आणि मडक्यांवर त्यांनीच काम करतो आणि आजवर एकही रेघ फिसकटलेली नाही.

जुना_कुंचला :
सरळसोट, खालचा थर तैलरंगाचा असेल तर त्यावर अ‍ॅक्रिलिकची पकड बसत नाही आणि पुढेमागे त्याचे पापुद्रे निघतात. शिवाय मार्करची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते. फुजिताची रेघ जपानी पद्धतीच्या अतिशय बारीक कुंचल्याची आहे. देठाच्या वळणावर ती किंचित फुगते आणि पानाच्या टोकाशी दिसेनाशी होते. तेच गेले तर त्या पद्धतीने चित्र करण्यात उरते काय?

पारखी :
फुजिताच्या नावाने बनावट चित्रे पुष्कळ फिरतात, म्हणून सांगून ठेवतो. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या रॅन्स येथे त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लेओनार हे नाव धारण केले. त्यामुळे १९२० च्या दशकातले म्हणून दाखवलेल्या चित्रावर लेओनार अशी सही असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

केतकी_रेघ :
पारखी, चित्र मला विकत घ्यायचे नसून रंगवायचे आहे. जुना कुंचला यांच्या प्रश्नांची उत्तरे अशी : कॅनव्हासवर नेहमीचे अ‍ॅक्रिलिक प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर, आहे, त्यावर टायटॅनियम पांढरा तैलरंग जवसाच्या तेलात पातळ करून दिला आहे, आणि शाई बाटलीत मिळणारी जलरोधक काळी आहे. थर हाताला कोरडा लागतो, छान चकाकतोही.

रसायनवाला :
ती चकाकीच अडचणीची आहे. तेलाचे प्रमाण जास्त असलेला थर पाण्यातली शाई झटकून टाकतो. फुजिताचा पांढरा चकाकत नाही. तो हस्तिदंतासारखा मंद आहे, आणि त्याने आयुष्यभर गुपित ठेवलेल्या या थराची तपासणी झाली तेव्हा त्यात शिसेयुक्त पांढरा रंग, खडूची पूड आणि टाल्क, म्हणजे आपले शंखजिरे, सापडले. केन दोमोन या छायाचित्रकाराने १९४२ मध्ये त्याला काम करताना टिपले होते आणि त्या छायाचित्रांत लहान मुलांच्या अंगाला लावायच्या पावडरीचा डबाही दिसतो. शंखजिऱ्यामुळे पृष्ठभागाचा तेलकटपणा मरतो, आणि म्हणूनच काजळी व सरस यांची पाण्यात उगाळलेली जपानी शाई तैलरंगावर असूनही त्याला सलग ओढता आली.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. शिसेयुक्त पांढरा लवकर वाळतो, टायटॅनियम त्या मानाने फार सावकाश, आणि हाताला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असे होत नाही. मात्र याच कारणासाठी शिशाची भुकटी आणून घरी रंग घोटू नये. ते विष आहे.

शंकेखोर :
टाल्कचे एवढे कौतुक कशाला? निव्वळ खडूच्या पुडीनेही थर मंद होतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

रसायनवाला :
मंद होतो, पण खडू तेल पितो आणि शाईही पितो, त्यामुळे प्रमाण चुकले की रेघेची कड फुटते. शंखजिरे गुळगुळीतपणा राखून तेलकटपणा घालवते. दोन्हींचे काम वेगळे आहे.

लेणीप्रेमी :
जपानी चित्रकारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो की आराई काम्पो हे १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि त्यांनी आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तोक्योला नेलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. देशाबाहेर काम केलेला जपानी चित्रकार म्हटले की आपल्या लोकांना पॅरिसच आठवते, याचे वाईट वाटते.

जुना_कुंचला :
माहिती मोलाची आहे, तिच्यासाठी वेगळा धागा काढावा. केतकी, आहे त्याच थरावर काम करायचे असेल तर मऊ कापडाच्या पुरचुंडीत शंखजिरे घेऊन पृष्ठभागावर हलके फिरवावे आणि कोरड्या रुंद कुंचल्याने सगळे झटकून टाकावे. पूड राहिली तर रेघ तिच्यावर बसेल आणि तिच्याबरोबरच निघून जाईल. श्वासात जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधावा. जलरोधक शाईऐवजी उगाळायची जपानी किंवा चिनी शाई घ्यावी. आधी कॅनव्हासच्या मुडपलेल्या कडेवर एक रेघ ओढून पाहावी.

केतकी_रेघ :
कडेवर करून पाहिले. रेघ सलग आली, मणी झाले नाहीत. मात्र वाळल्यावर ओल्या बोटाने पुसली तर फिकट होते. आता त्यावर देठांचा हिरवा रंग पातळ करून द्यायचा आहे, तेव्हा रेघ वाहून जाईल का?

रसायनवाला :
हिरवा कशात पातळ करणार आहात, पाण्यात की टर्पेंटाइनमध्ये? पाण्यात केलात तर रेघ नक्की हलेल. टर्पेंटाइनमध्ये सरस विरघळत नाही, त्यामुळे तैलरंगाचा अगदी पातळ हात मऊ कुंचल्याने, न घासता, एकदाच द्यावा. तरीही चित्र याच आठवड्यात द्यायचे असेल तर वर वार्निश मुळीच लावू नये.

सरळसोट :
मार्कर असता तर पुसण्याचा प्रश्नच आला नसता.