टीव्हीवर कोडी (Kodi) : आईला एकाच रिमोटने जमायला हवं, मदत हवी आहे

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी,

आईबाबा इंदिरानगरला, मी सातपूरला कंपनीत. पहिल्या पाळीत असताना घरून फोन आला की तो हमखास टीव्हीचा असतो.

बाबांची एक हार्ड डिस्क आहे. २००३ च्या सिंहस्थात त्यांनी रामकुंडावर हँडीकॅमने केलेलं शूटिंग, भाच्यांच्या मुंजी, ताईचं लग्न (व्हीएचएसवरून उतरवलेलं, सगळे वऱ्हाडी जांभळे दिसतात) आणि वसंत व्याख्यानमालेतली टेपवर घेतलेली भाषणं, असा सगळा ऐवज तीत आहे. टीव्ही जुना, स्मार्ट नाही. एका एचडीएमआयला डीटीएचचा बॉक्स, दुसऱ्याला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय'). त्यावर लिब्रेएलेक (फक्त कोडीसाठीची हलकी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून कोडी हा व्हिडिओ प्लेअर चालवतो. चित्र-आवाज झकास. रडगाणं पुढचंच आहे.

रोज सकाळी बाबा टीव्ही लावतात तर 'नो सिग्नल'. पायची पिन काढून परत खुपसली की चालू. दुसरं म्हणजे परवा रात्री लाइट गेली, अडीचच्या सुमारास आली आणि टीव्ही आपोआप सुरू झाला. आई दचकून उठली. तेव्हापासून ती त्याला 'तुझं ते भूत' म्हणते.

आणि रिमोट! टीव्हीचा, डीटीएचचा, वर मोबाइललाच कोडीचा रिमोट करणारं कोरे अ‍ॅप. अ‍ॅप छान आहे, पण बाबांचा फोन कायम चार्जिंगला आणि आईचा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत. टीव्हीच्याच रिमोटचे बाण कोडीत चालतात, ओके चालतं, मागे जायचं बटण मात्र ढिम्म. आई आत शिरते आणि अडकून बसते.

कंपनीतला मित्र म्हणतो कोडी काढ, जेलीफिन टाक. टाकू का? पुण्याहून ताईलाही हे व्हिडिओ बघायचे आहेत.

तारखांब

मित्राने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पारड्यात टाकल्यात. कोडी म्हणजे टीव्हीसमोर बसून बघायचा प्लेअर. जेलीफिन म्हणजे सर्व्हर : फायली एका ठिकाणी, बघणारे दहा ठिकाणी. २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या तशाच सर्व्हरपासून फुटून तो निघाला. पूर्ण फुकट आहे, पण टीव्हीवर दाखवायला त्यालाही कुठलं तरी अ‍ॅप लागतंच, आणि तुमचा टीव्ही स्मार्ट नाही. म्हणजे फिरून पाय आणि कोडीच. आईसाठी कोडी राहू द्या. ताईचं नंतर बघू, नाहीतर एक पेनड्राइव्ह कुरिअर करा.

सकाळच्या 'नो सिग्नल'बद्दल एक विचारतो. सीईसी म्हणजे एचडीएमआयच्या तारेतून टीव्ही आणि पाय एकमेकांना हुकूम देतात ती सोय, तुमच्या रिमोटचे बाण कोडीत चालतात ते तिच्यामुळेच. तिच्या सेटिंगमध्ये टीव्ही बंद झाल्यावर काय करायचं, तिथे काय निवडलंय?

गोदाकाठचा

शटडाउन. वीज वाचेल म्हणून मीच केलं होतं. 🙈

तारखांब

मग भूत तुम्हीच. पाय एकदा पूर्ण बंद झाला की टीव्हीच्या रिमोटने उठत नाही, आणि संगणकासारखी झोपेची सोयही त्यात नाही. म्हणून पिन उपटावी लागते. सेटिंग्ज, सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स, सीईसी अ‍ॅडॉप्टर इथे जा आणि शटडाउनऐवजी इग्नोर करा. चोवीस तास चालू राहू द्या, नुसता बसलेला पाय फार वीज खात नाही.

रात्रीचा प्रकारही त्याच यादीत सुटेल. लाइट आली की पाय आपला आपण सुरू होतो आणि कोडी उठताना टीव्हीलाही हाक मारतो. सुरू होताना कोणती उपकरणं लावायची, तिथून टीव्ही काढून टाका. सुरू होताच टीव्ही स्वतःकडे ओढून घ्यायचा पर्यायही बंद करा, म्हणजे ऐन मालिकेत डीटीएचवरून उडी मारणार नाही.

चिवडा_एक्स्ट्रा

मागे जाण्यासाठी एक्झिट किंवा रिटर्न दाबून बघितलंत का? काही टीव्ही बॅकचं बटण स्वतःकडेच ठेवतात, पुढे पाठवतच नाहीत. तेही नाही चाललं तर रंगीत बटणं बघा. ती पुढे जात असतील तर बटणांची कामं बदलून देणारं कीमॅप एडिटर नावाचं अ‍ॅडऑन टाकून लाल बटणाला 'मागे' नेमून द्या. माझ्या सासूबाईंना 'लाल म्हणजे परत' एवढंच सांगितलंय.

आणि होम स्क्रीन रिकामी करा! स्किनच्या (कोडीच्या दर्शनी रूपाच्या) सेटिंगमध्ये मुख्य मेनूतल्या नको त्या ओळी बंद करता येतात. हवामान, रेडिओ, गेम्स, सगळं घालवा. फोल्डर फेव्हरिट्समध्ये टाका आणि तेवढंच ठेवा. घरच्या व्हिडिओंना सिनेमा म्हणून स्कॅन करू नका, कोडी नावावरून नेटवर सिनेमा शोधून त्याचं पोस्टर लावतो. माझ्याकडे मुंजीच्या व्हिडिओला कुठल्याशा परदेशी भयपटाचं पोस्टर लागलं होतं. प्रत्येक फोल्डरमध्ये folder नावाचा जेपीजी फोटो ठेवा, नाव इंग्रजी लिपीतच. आई चित्र बघून ओळखतील.

तारखांब

एक राहिलं. डिस्क थेट पायलाच लावलीय ना? चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच मिळतात. अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा हवा, घरातला पडीक मोबाइल चार्जर नको. मध्येच डिस्क गायब होत असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब लावा.

गोदाकाठचा

रविवारी जाऊन केलं. इग्नोर केल्यापासून 'नो सिग्नल' नाही. मेन स्विच पाडून परत लावला, टीव्ही गप्प राहिला. एक्झिट चाललं नाही, पण लाल बटण चाललं. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. चार्जर खरंच मोबाइलचा निघाला 😅, नवा आणतो.

आता आईचा नवा प्रश्न : ताईच्या लग्नाची फीत दोन तासांची आहे, मंगलाष्टकांवर थेट जाता येईल का? ओके दाबल्यावर बुकमार्क असं काहीतरी दिसतं, पण ते तिला लाल बटणाइतकं सोपं कसं करायचं?