‘थेरडी’ शब्दाचे मूळ

प्रश्न: जुन्या कथांत वृद्ध स्त्रीला ‘थेरडी’ म्हटलेले आढळते. हा शब्द मुळातच हिणवणारा होता काय?

उत्तर १: मुळात तो आदराचा होता. संस्कृत ‘स्थविर’, म्हणजे वयोवृद्ध, यापासून पाली-प्राकृतात ‘थेर’ झाले. बौद्ध संघात ज्येष्ठ भिक्षूला थेर आणि ज्येष्ठ भिक्षुणीला थेरी म्हणत. ‘थेरीगाथा’ या पाली संग्रहात अशा स्त्रियांच्या 73 रचना आहेत, आणि ‘थेरवाद’ या बौद्ध पंथाच्या नावातही हाच शब्द आहे. मराठीत त्याला ‘डा’, ‘डी’ प्रत्यय लागला आणि त्याबरोबर तुच्छतेची छटा आली. ज्या शब्दाने ज्ञानी स्त्रीचा गौरव होत असे, त्याची शिवी व्हावी, हे मला फार खटकते.

उत्तर २: ‘म्हातारी’चेही मूळ पाहावे. ते ‘महत्तर’, म्हणजे अधिक मोठा, या शब्दात आहे. गावच्या प्रमुखालाही महत्तर म्हणत.

प्रश्नकर्ता: मग ‘आजी’चे काय?

उत्तर १: तिचा संबंध ‘आर्य’ या आदरवाचक शब्दाशी आहे, प्राकृतातील ‘अज्ज’ या रूपामार्गे. ‘आजी’ने मात्र आपला मान टिकवला, कारण ती नात्यातच राहिली.