‘पॉइंट लिमिट’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: मिनिएचर गेमच्या (छोट्या आकृत्या मांडून खेळायच्या खेळाच्या) नियमांचा मराठी सारांश लिहिते आहे. संघ निवडताना पाळायच्या ‘पॉइंट लिमिट’साठी ‘गुणमर्यादा’ योजला होता. पण ‘३०० गुणांचा सामना’ असं लिहिलं की नवख्याला वाटतं, जो आधी ३०० गुण करेल तो जिंकला. दुसरा शब्द सुचवाल का?

घनफासा: ‘गुण’ नकोच. मराठीत गुण मिळतात. परीक्षेत मिळतात, कबड्डीत चढाई करून मिळतात. ते कोणी खर्च करत नाही. इथे मात्र आकडा म्हणजे त्या सोंगटीचा भाव. ‘हिरोक्लिक्स’ या सुपरहिरोंच्या खेळात आकृतीचा भाव आधीच ठरलेला असतो आणि तुम्ही सगळ्यांची बेरीज ३०० च्या आत बसवता. २९४ चालतात, उरलेले ६ वाया जातात. ३०१ झाले की संघ बाद. काही आकृत्यांच्या डायलवर (तळाशी फिरणाऱ्या, ताकद दाखवणाऱ्या चकतीवर) एकाहून जास्त आरंभरेषा असतात, प्रत्येकीचा भाव वेगळा. तेव्हा कुठल्या रेषेवरून सुरुवात करणार ते संघ मांडतानाच लिहून ठेवावं लागतं, मागाहून बदलता येत नाही.

अडचण पुढेच आहे. प्रतिस्पर्ध्याची आकृती बाद केली की तिच्या भावाइतकेच पॉइंट तुमच्या खात्यात जमा होतात. आकडा तोच, पण आधी तो खर्च असतो आणि मग कमाई. म्हणून दोन्हींना एकच शब्द वापरू नका. खर्चाला ‘मोल’ आणि कमाईला ‘गुण’ असं मी सुचवेन.

पटबहाद्दर: आयपीएलच्या लिलावामुळे ‘पर्स’ (संघ घ्यायला मिळालेली ठरावीक रक्कम) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. ‘ब्लड बोल’ या फुटबॉलसारख्या मिनिएचर गेमला तो चपखल लागतो, कारण तिथे पॉइंट नसून १०,००,००० सुवर्णनाणी असतात. किमान ११ खेळाडू, कमाल १६. २०२० च्या आवृत्तीतला मानवांचा संघ घ्या: ४ ब्लिट्झर प्रत्येकी ८५,०००, २ कॅचर ६५,००० चे, १ थ्रोअर ८०,०००, ४ लाइनमन ५०,००० चे. हे ११ जण झाले ७,५०,००० ला. तीन री-रोल (फासा पुन्हा टाकण्याच्या संधी) दीड लाख, वैद्य ५० हजार, आणि उरलेल्या ५० हजारांत बारावा लाइनमन. पर्स बरोबर संपली.

नवखे इथे हमखास चुकतात. तगडा ओगर १,४०,००० ला घेतात आणि री-रोलवर काटकसर करतात. लीग सुरू झाल्यावर तोच री-रोल दुप्पट किमतीला पडतो, म्हणून तो सुरुवातीलाच घ्यावा. शिवाय इथली शिल्लक वाया जात नाही, तिजोरीत राहते. पुढे संघाचं मूल्य दहा लाखांच्या वर गेलं तरी कोणी अडवत नाही. दुबळ्या बाजूला फरकाइतकी रक्कम त्या सामन्यापुरती मिळते. म्हणून ही ‘मर्यादा’ फक्त पहिल्या दिवसाची. याला मी ‘प्रारंभीची पर्स’ म्हणेन.

रंगकुंचला: ‘मोल’ पटला, पण त्याबरोबर आवृत्ती लिहायला विसरू नका. ‘एक्स-विंग’ या ‘स्टार वॉर्स’च्या लढाऊ विमानांच्या खेळात २०१२ साली १०० पॉइंटचं स्क्वाड्रन (विमानांचा संघ) होतं, २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत २०० झालं, आणि २०२२ साली २०. विमानांची संख्या काही दसपट कमी झाली नाही, मोजायचं एकक बदललं. त्यातही २०२२ च्या नियमांत प्रत्येक वैमानिकाला शस्त्रास्त्रांसाठी वेगळा ‘लोडआउट’ (फक्त त्यावरच खर्चायचे पॉइंट) मिळतो, आणि एकाचा उरलेला लोडआउट दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे मोठ्या मर्यादेच्या पोटात लहान मर्यादा. दोन्हींना ‘मोलमर्यादा’च म्हटलंत तर घोटाळा होईल.

‘वॉरहॅमर ४०,०००’ या सैन्यांच्या लढाईच्या खेळाच्या दहाव्या आवृत्तीतही बेरीज जुळली की झालं असं नाही. २००० च्या सैन्यात एकच तुकडी तीनदाच घेता येते. ‘बॅटललाइन’ (सैन्याचा कणा असलेल्या) तुकड्या आणि तुकड्या वाहून नेणारी खास वाहनं सहा वेळा. एन्हान्समेंट (नायकांना द्यायच्या जादा शक्ती) जास्तीत जास्त तीन. भाव तुकडीच्या ठरीव आकाराचा असतो. पाचाचा आणि दहाचा भाव दिला असेल आणि तुमच्याकडे सात सैनिक असतील, तर दहाचाच भाव मोजावा लागतो. जादा दोन सैनिकांपायी लिस्ट (निवडलेल्या तुकड्यांची यादी) मर्यादेबाहेर जाते ती अशी. जिंकण्याचे पॉइंट वेगळेच, जास्तीत जास्त १००, त्यातले १० सैन्य नीट रंगवल्याचे. इथे २००० आणि १०० एका परिच्छेदात येतात, तेव्हा घनफासा म्हणतात तो फरक पाळावाच लागेल.

विचारणा करणारी: छान उलगडलं. बोलताना आपण ‘तीनशेत बसव’, ‘दोन हजारची लिस्ट’ एवढंच म्हणतो, पॉइंट हा शब्दही येत नाही. मग लिखाणातही तसंच ठेवलं तर?

घनफासा: जरूर ठेवा, फक्त पहिल्या वापरात अर्थ बांधून द्या. असं काहीसं: ‘संघाची मोलमर्यादा ३००. निवडलेल्या सर्व आकृत्यांच्या मोलांची बेरीज ३०० पेक्षा जास्त नसावी. कमी चालेल, उरलेलं मोल सामन्यात वापरता येत नाही.’ त्यानंतर खुशाल ‘तीनशेचा संघ’ लिहा. ‘३०० मोलांचा’ मात्र नको, कानाला खटकतं.

रंगकुंचला: आणि ‘जास्त नसावी’ हे शब्द गाळू नका. ‘३०० चा संघ बनवा’ एवढंच लिहिलं की लोक बरोबर ३०० भरायला बसतात आणि शेवटचे सहा भरण्यासाठी चांगली आकृती बदलून टाकतात.