चीनची हवा आणि खेड्यातल्या शेगड्या
चीनने कारखाने शहराबाहेर हलवले आणि बीजिंगची हवा सुधारली असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. तिथल्या पीएम २.५ ची, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी २०१३ मधे घनमीटरमागे ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास होती ती २०२१ मधे ३३ वर आली, पण त्यात घरगुती कोळसा कमी केल्याचाही मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल या चर्चेत कोणीच बोललेलं नाही. उत्तर चीनच्या खेड्यांत थंडीभर घराघरात शेगडीत कोळसा जळायचा, वीजकेंद्राला निदान फिल्टर आणि उंच धुराडं असतं, शेगडीला काहीच नाही, त्यामुळे टनामागे धूर कितीतरी जास्त आणि तोही माणसाच्या नाकाच्या उंचीवर.

म्हणून २०१७ मधे सरकारने लाखो घरांतल्या शेगड्या काढून गॅस आणि विजेवरचे हीटर बसवायला घेतले, आणि घाई इतकी की काही ठिकाणी शेगड्या गेल्या पण गॅस पोचलाच नाही. हबेई प्रांतातल्या छूयांग तालुक्यात शाळेचे वर्ग इतके गारठले की पोरांना बाहेर उन्हात बसून धडे गिरवायला लागले. ते वाचून पोटात कालवलं होतं माझ्या, हवा साफ करायची किंमत त्या लेकरांनी का मोजायची? शेवटी डिसेंबरमधे पर्यावरण मंत्रालयाने कळवलं की जिथे बदल पूर्ण झाला नाही तिथे कोळसा जाळू द्या. आधी पाइपलाइन, मग बंदी, एवढा क्रम पाळला असता तरी चाललं असतं.