उपासनावर्ष (चर्चचं सणांचं वर्ष) मुलांना हाताने करून कसं शिकवावं? (वय 7-8)

तळ्याकाठी:
धर्मशिक्षणाच्या वर्गात 18 मुलं, मिस्सानंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) 40 मिनिटं. छापील गोल तक्त्यावरून प्रत्येक काळाचे रंग पाठ होतात, पण 'आज आपण कुठे आहोत?' विचारलं की सगळी गप्प. 29 नोव्हेंबर 2026 ला आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे), म्हणजे नवं उपासनावर्ष सुरू होतंय. तोवर काय करून घेता येईल?

कातरपट्टी:
गोल तक्ता नको. 52 भाग म्हणजे प्रत्येकी जेमतेम 7 अंश. मुलांना कोनमापक जमत नाही आणि शेवटचा भाग हमखास चिंचोळा उरतो. पट्टी करा. कार्डपेपरचे 53 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद असे दोन तुकडे. प्रत्येकावर 2 सेंमीचे 26 रकाने, उरलेला 1 सेंमी चिकटवायला. दोन्ही जोडले की साधारण 33 सेंमी व्यासाचं कडं तयार.

एक रकाना म्हणजे एक रविवार. रंग असे: जांभळे 7, गुलाबी 2 (13 डिसेंबर, 7 मार्च), लाल 2 (ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याचा सण), पांढरे 13, बाकी 28 हिरवे. कड्याला कपड्यांचा चिमटा लावा, दर रविवारी एका मुलाने तो एक घर पुढे सरकवायचा. खरं शिकणं त्या चिमट्यातच आहे, रंगवण्यात नाही. आणि रंगवायच्या आधी चिकटवा; मेणाच्या खडूवर गोंद धरत नाही.

पाचूबंदर:
हिशेबात एक चूक आहे. 2027 मध्ये 15 ऑगस्टला रविवार येतो, म्हणजे त्या दिवशी मरियेचं स्वर्गोन्नयन. हिरवे 27, पांढरे 14 करा.

नुसत्या रविवारांच्या पट्टीत नाताळ (शुक्रवार), भस्म बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी रकान्यांमधल्या रेघांवर कागदी झेंडे चिकटवा. 6 फेब्रुवारीला लाल झेंडा हवाच: संत गोन्सालो गार्सिया वसईचे, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. लाल म्हणजे रक्त, हे वसईच्या मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. 25 मार्चला मात्र गाब्रिएल दूताच्या संदेशाचा झेंडा लावू नका. त्या दिवशी पवित्र गुरुवार आहे, त्यामुळे तो सण 5 एप्रिलला जातो.

पट्टी पुढच्या वर्षी वापरता येत नाही. ईस्टर सरकतो, शिवाय एखाद्या वर्षी 53 रविवार येतात.

तळ्याकाठी:
ईस्टर का सरकतो, हे एवढ्या लहानांना कसं सांगायचं? आणि उपवासकाळाचे 'चाळीस दिवस' मोजले तर 46 भरतात!

चिंचोके_४०:
पौर्णिमा मुलांना ठाऊक असते. 21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, मग येणारा रविवार. 2027 मध्ये पौर्णिमा 22 मार्चला, ईस्टर 28 ला. (चर्चची पौर्णिमा कोष्टकातून काढलेली असते, क्वचित आकाशातल्या पौर्णिमेशी जुळत नाही. मुलांपुढे ते काढू नका.)

46 मधून सहा रविवार वजा, कारण रविवार उपवासाचा नाही. भस्म बुधवारी बरणीत 40 चिंचोके घाला, रविवार सोडून रोज एक बाहेर. 27 मार्चला बरणी रिकामी. पहिल्या रविवारी कोणीतरी चिंचोका काढायला धावतंच. तेव्हा थांबवून कारण सांगायचं.

पाचूबंदर:
आगमनकाळाचं वर्तुळ (दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटवायचं) सुरूच्या झाडाच्या फांद्यांचं करणार असाल तर त्या दर आठवड्याला बदला. तिसऱ्या रविवारपर्यंत कोरड्याठाक होतात आणि मेणबत्तीची ठिणगी पुरते. मेणबत्त्या मातीच्या पणतीत उभ्या करा.