प्रति: हात थरथरतोय, सर्व्हो बदलू का?
तुझ्या रोबोटिक हाताच्या खांद्याचा सर्व्हो (सांधा हव्या त्या कोनात फिरवून धरणारी मोटर) थरथरतोय, महागातला डिजिटल घेऊ का, असं विचारलंस. थांब जरा, आधी हिशोब कर. हात १५ सेंटिमीटरचा, टोकाला २०० ग्रॅम. म्हणजे खांद्यावर ३ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर), हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. तुझा छोटा एसजी-९० सर्व्हो कागदावरसुद्धा ४.८ व्होल्टला १.८ च्या आसपास देतो, आणि तो आकडाही मोटर अडून थांबते तेव्हाचा. बिचारा थरथरणार नाही तर काय! हिशोबाच्या निदान दुप्पट टॉर्कचा घे. एमजी-९९६आर हा मोठा सर्व्हो आरामात पुरेल.

फक्त तो अडला की अडीच अँपिअरपर्यंत खातो. आर्डुइनोच्या (सर्व्होला आज्ञा देणाऱ्या बोर्डाच्या) ५ व्होल्ट पिनवर चालवू नकोस. ६ व्होल्टचा वेगळा सप्लाय दे आणि सप्लाय आणि आर्डुइनो, दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकमेकांना जोड. ते न जोडल्यामुळे माझा अख्खा आठवडा वाया गेला होता.

नकली मालही बराच असतो. इथे नाशकातच एका दुकानातून 'मेटल गिअर' म्हणून घेतलेला उघडला, तर वरचा गिअर पितळी आणि आतला एक पांढरा प्लास्टिकचा! तेव्हापासून खालचे चार स्क्रू काढून बघितल्याशिवाय मी सर्व्हो बसवत नाही.

तू अंबडलाच असतोस ना? रविवारी ये सातपूरला, माझ्याकडचा एक लावून बघ.